स्वस्तातलं पातं

मावशींनी हात हलवला म्हणून लागलं, असं सांगणारी माणसं मला अजूनही भेटतात. परवा घणसोली स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत एकाने मला ओळखलं आणि तेच ऐकवलं. वर माझी समजूत काढल्यासारखा हसला. मी त्याला तिथेच, दहा माणसांसमोर झापलं. हात हलला नव्हता. पात्याची मूठ माझ्या हातात होती. मला नाही कळणार तर कोणाला कळणार?

मी जादूचे प्रयोग करते. पोटासाठी सीबीडी बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसात लिपिक आहे, पण अठरा वर्षं शनिवार-रविवार आणि सणासुदीचे दिवस मी स्टेजवर घालवले आहेत. वाढदिवस, सोसायट्यांचे वर्धापनदिन, गणपती मंडळं. माझ्याबरोबर असायचा दादा, माझा सख्खा मोठा भाऊ. स्टेजवर मी आणि मागे तो, अशी आमची वाटणी होती. बुकिंग घेणं, साउंड बघणं, सामान आणणं, आयोजकांशी गोड बोलणं हे सगळं त्याचं. गोड बोलण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. त्याच गोड बोलण्याला मी पुढे इतकी कंटाळेन असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आमचं जवळजवळ सगळं सामान दिघ्याच्या एका काकांनी बनवलेलं. काका ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातच छोटंसं वर्कशॉप मांडलं. म्हणजे दोन खोल्यांतली एक खोली, त्यात एक बाक, एक ग्राइंडर आणि भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या कानशी. पितळेच्या कड्या, दुहेरी तळाच्या पेट्या, रुमाल गायब करायच्या नळ्या, सगळं ते हाताने करायचे. वेळ भरपूर घ्यायचे. "झालं का?" असं विचारायला फोन केला की म्हणायचे, "झालं असतं तर मीच केला नसता का फोन?" आणि ठेवून द्यायचे.

त्यांनी आम्हाला एक चॉपर बनवून दिला होता. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडाची उभी चौकट असते, तिला मनगट जाईल एवढं भोक, आणि त्याच्या खाली एक लहान भोक. मोठ्या भोकात प्रेक्षकांतल्या कोणाचा तरी हात घालायचा, छोट्यात गाजर. वरून पातं खाली आणायचं. गाजराचे दोन तुकडे होतात, हात जसाच्या तसा. हे कसं होतं ते मी सांगणार नाही, पण एवढं सांगते की त्या चौकटीच्या आत एक अगदी लहान जोड असतो आणि माणसाचा हात त्या जोडावर भरवसा ठेवून आत जातो. ज्याचा हात आहे त्याला हे माहीत नसतं. त्याचा भरवसा माझ्यावर असतो.

काकांचा चॉपर सागवानी होता, जड होता. दादा तो उचलताना दर वेळी कमरेच्या नावाने ओरडायचा. चौदा वर्षं चालला. मग गेल्या वर्षी पावसाळ्यात चौकटीला उभी चीर गेली. मी तो काकांकडे नेला. त्यांनी चिरेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "हा आता इथेच राहू दे. हा स्टेजवर न्यायचा नाही."

"गणपतीत लागेल, काका. बारा दिवसांवर आहेत गणपती."

"मला दीड महिना लागेल. जुनं लाकूड मिळायला पाहिजे. या वर्षी दुसरं काहीतरी दाखवा."

"लवकर नाही का होणार?"

"ज्यात माणसाचा हात जातो ते मी घाईत करत नाही, पोरी."

मला ते पटलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते न पटल्यामुळे केलं नाही. पटलेलं असतानाही केलं.

दादाने फोनवर दोन मिनिटं बोट फिरवलं आणि मला एक फोटो दाखवला. काळा चकचकीत चॉपर, सोनेरी नक्षी, खाली मोठ्या अक्षरांत 'प्रोफेशनल'. काकांच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यात. "बघ, परवा घरी येतो. आणि वजनाला पिसासारखा. काका म्हातारे झालेत, टाइम खातात. लोक लांबून बघतात गं, त्यांना सागवान काय नि फळकूट काय."

पार्सल आलं. उघडलं तेव्हा रंगाचा उग्र वास आला. मी पातं वर-खाली करून पाहिलं तर ते चौकटीत खुळखुळत होतं. काकांच्या चॉपरचं पातं तेलातून फिरल्यासारखं यायचं. मी स्वयंपाकघरात किलोभर गाजरं घेऊन बसले आणि एकेक कापायला लागले. मोठ्या भोकात हाताच्या जागी पडवळाचा तुकडा ठेवला होता. तेरा वेळा ठीक. चौदाव्या वेळी आतून 'टिक' असा आवाज आला, आणि पडवळाच्या सालीवर एक बारीक ओरखडा दिसला. पुढच्या दहा वेळा काहीच नाही.

मी दादाला पडवळ दाखवलं. त्याने ते हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाला, "नवीन आहे, घासून बसेल. टेन्शन नको घेऊस. मंडळाच्या पोस्टरवर चॉपर छापलाय त्यांनी. आता नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी बोलावतील का?"

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला जेवढा संताप येतो तेवढा दादाच्या बोलण्याचाही येत नाही. तो काय, त्याला स्टेजवर उभं राहायचं नव्हतं. मला आवाज ऐकू आला होता. मी ओरखडा पाहिला होता. त्या जागी तू तुझ्या मुलीचा हात घालशील का, असं मी स्वतःला विचारलं असतं तर उत्तर तिथल्या तिथे मिळालं असतं. म्हणूनच मी विचारलं नाही.

कार्यक्रम तळवलीत होता, गणपतीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी चारला. देवळासमोर मांडव, खच्चून गर्दी. पुढे पोरं, मागे बायका. मी नेहमीसारखं विचारलं, "कोणाचा हात कापू?" पुरुष एकमेकांना ढकलायला लागले. तेवढ्यात एक मावशी उठल्या. साठीच्या आतल्या, लुगडं घट्ट नेसलेल्या, केसांत अबोलीचा गजरा. मच्छीबाजारात मासळी विकणाऱ्या. सगळं गाव त्यांना ओळखत होतं, कारण त्या उठल्या तशा शिट्ट्या सुरू झाल्या.

स्टेजवर येऊन त्यांनी चॉपरकडे पाहिलं आणि माइकमध्ये म्हणाल्या, "यवरासाच कोयता? मी रोज किती मुंड्या छाटते, हाय का म्हाइत? मना नाय भ्या वाटत."

मांडव हसून कोसळला. मीही हसले. मनापासून आवडल्या त्या मला. मी त्यांचा उजवा हात भोकातून पलीकडे घेतला, बांगड्या मागे सारल्या. गाजर लावलं. पोरांनी तीनपर्यंत आकडे मोजले आणि मी पातं खाली आणलं.

'टिक' असा आवाज आला. नंतर हाताला जे जाणवलं ते गाजर नव्हतं.

त्या ओरडल्या नाहीत. "आगो बाय," एवढंच म्हणाल्या, हळू, आश्चर्य वाटल्यासारखं. गाजराचा अर्धा तुकडा स्टेजवर पडला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असताना चौकटीवरून रक्त खाली यायला लागलं. मी पातं वर खेचायला गेले तर ते अडकलं. चौकट मी गुडघ्याने दाबून उखडली. फळकूट होतं, लगेच तुटलं. गायब करायच्या रुमालांनी मी त्यांचं मनगट आवळलं, आणि त्यांच्या सुनेला घेऊन आम्ही रिक्षाकडे पळालो.

रिक्षात बसता बसता मागे दादाचा आवाज आला. तो माइकवर होता. "घाबरू नका, मंडळी, किरकोळ आहे. मावशींनी ऐन वेळेला हात हलवला, त्यामुळे जरा लागलं. सगळ्यांनी शांत बसा."

मावशींनीही ते ऐकलं. रिक्षा सुरू झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रुमाल आणखी आवळत राहिले.

पातं मनगटाच्या जरा वर, हाताच्या पाठीवर बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, हाड वाचलं, पण दोन बोटं उचलणाऱ्या शिरा तुटल्यात, ऑपरेशन करावं लागेल. ऑपरेशन झालं. खर्च आम्ही केला, त्यात सांगण्यासारखं काही नाही, तो करायलाच हवा होता. दादा तासाभराने आला तेव्हा मी त्याला व्हरांड्यात गाठलं.

"हात हलवला असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? लोक अंगावर आले असते. मंडळाची पोरं स्टेज फोडायला निघाली होती. मी शांत केलं म्हणून."

"तिच्या नावावर ढकलून?"

"अगं, तिला काय फरक पडतो? तिचा इलाज आपण करतोय ना?"

त्याला खरंच कळत नव्हतं. मला फरक पडतो, आपल्याला पडतो, पण मासळी विकणाऱ्या बाईला गाव मूर्ख म्हणालं तर तिला काय फरक पडणार, असं त्याच्या डोक्यात अगदी साधेपणाने बसलेलं होतं. मी त्याला तिथे काय काय बोलले ते नर्सने येऊन थांबवेपर्यंत संपलं नाही.

सोमवारी ऑफिसात गेले तर व्हिडिओ माझ्या आधी पोचला होता. आमच्या हेडक्लार्कने मला दाखवला. मावशींचं मुंड्या छाटण्याचं बोलणं, मग पातं, मग किंकाळ्या, आणि वर गावातल्याच कोणीतरी हसरे चेहरे चिकटवलेले. खाली शेकडो लोकांनी लिहिलेलं. फुशारकी मारायला गेली, हात हलवला, भोगा आता. मी फोन त्यांच्या टेबलावर इतक्या जोरात आपटला की त्यांचा चहा सांडला.

विकणाऱ्यालाही मी लिहिलं. तुटलेल्या जोडाचे फोटो पाठवले, हॉस्पिटलचा कागद पाठवला. उत्तर आलं की वस्तू परत करायची मुदत संपली आहे, आणि असुविधेबद्दल खेद आहे. असुविधा! मी फोन नंबर शोधला, तर उचलणारी मुलगी म्हणाली, "मॅम, हे टॉय कॅटेगरीत येतं." मग त्यावर प्रोफेशनल का लिहिलंय, विचारलं. ती म्हणाली, ते प्रॉडक्टचं नाव आहे. मी त्या वस्तूखाली सविस्तर अभिप्राय लिहिला, चार दिवसांनी तो काढून टाकलेला होता. तो काळा चॉपर तिथे अजून विकला जातोय, सोनेरी नक्षीसकट.

शनिवारी मी मोडलेली चौकट पिशवीत घालून दिघ्याला गेले. काकांना बातमी कळलेली होती. त्यांनी चष्मा लावला, पातं सोडवलं आणि आतला जोड बाकावर ठेवला. एवढंसं रिव्हेट, मधोमध तुटलेलं.

"अ‍ॅल्युमिनियम," ते म्हणाले. "इथे पोलाद पाहिजे. पोलादाला किती जास्त पडतात माहितेय? एक कटिंग चहा." त्यांनी पातं उजेडात धरलं. "आणि हे बघ. धार लावलीय. रिव्हेट कच्चं ठेवायचं आणि पात्याला धार लावायची. हे ज्याने केलं त्याला सगळं कळत होतं. न कळणाऱ्याला एवढी अचूक नक्कल जमत नाही. डिझाइन माझंच आहे."

मग त्यांनी ते पातं उचलून भिंतीवर फेकलं. "आणि तू? तू चौदा वर्षं माझा वापरलास ना? तुला हातात धरल्यावर कळलं नाही?"

"कळलं होतं, काका."

त्यांनी चष्मा काढून बाकावर ठेवला. मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? मला कुठे लागलंय?"

मी तिथून सरळ तळवलीला गेले. मावशी ओटीवर बसल्या होत्या, हात गळ्यात अडकवलेला. सून बाजारात गेली होती, त्यांच्या जागेवर बसायला. त्यांनी मला बस म्हटलं नाही. मी उभीच राहिले.

"मावशी, तुम्ही हात हलवला नव्हता," मी म्हटलं.

"मना सांगतेस? मना म्हाइत नाय?" त्यांचा आवाज चढला. "लोका दारात येऊन सांगतान, कशाला हलवलास म्हनून. माजा नवरा सांगते. माजा पोरगा सांगते. नातू ईडिओ दाखवते. चाळीस वरसां कोयत्यावं बसते मी, कवा कापला नाय. नि तुज्या खेलन्यान कापला, तरी चूक माजीच!"

"चूक माझी आहे. तो चॉपर खराब होता. मला आधीपासूनच माहीत होतं."

त्यांनी गळ्यातला हात सावरला. मग त्या म्हणाल्या, "तुला म्हाइत होता?"

"हो."

"नि माजा हात घातलास?"

"हो."

मला वाटलं त्या मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या उठल्या, आत गेल्या, आणि दारातून वळून म्हणाल्या, "हिथं कोनाला सांगतेस, भिंतीना? देवलान मंडलाची मीटिंग हाय आयतवारी. थय सांग. सगल्यांना आयकू जाव दे."

रविवारी मी गेले. देवळाच्या सभामंडपात पंचवीस-तीस माणसं होती. मी बोलायची परवानगी मागितली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "ताई, झालं ते झालं, कशाला उकरून काढता? तुमचंच नाव खराब होईल." मी म्हटलं, व्हायलाच पाहिजे. मग सगळं सांगितलं. चिरलेला जुना चॉपर, काकांनी मागितलेला दीड महिना, फोनवरचा फोटो, पडवळावरचा ओरखडा. मावशींचा हात जागचा हलला नाही, हे तीनदा सांगितलं. समोर तीच पोरं बसली होती ज्यांनी व्हिडिओवर हसरे चेहरे लावले होते, आणि ती आता मान खाली घालून फोनशी चाळा करत होती.

एकाने विचारलं, "मग तुमचा भाऊ खोटं बोलला?"

"हो, माझा भाऊ खोटं बोलला. आणि मी ते आठ दिवस चालू दिलं."

मावशी मागे खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या आणि सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "आयकला? आता कोन बोलेल त्याला माज्याकं धाडा." माझ्याकडे न बघता निघून गेल्या. त्यांनी मला माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही.

दादाला ते त्याच संध्याकाळी कळलं. घरी येऊन म्हणाला, "सख्ख्या भावाचं तोंड काळं करायला तुला देऊळच मिळालं?" मी म्हटलं, तू मांडवात माइकवर बोललास, मी विनामाइक बोलले. तो आपलं सामान घेऊन गेला. आता तो दुसऱ्या एका मुलीबरोबर शो करतो. मी त्या मुलीचा नंबर शोधून तिला फोन केला आणि सांगितलं, हात घालायची कुठलीही वस्तू तो आणेल तेव्हा ती आधी स्वतः उघडून बघ. तिने मला वेड्यात काढलं की काय, माहीत नाही. "थँक यू, मॅम" म्हणाली.

मावशींची दोन बोटं पुरती सरळ होत नाहीत. महिन्यातून एकदा मी घणसोलीच्या बाजारात जाते. त्या जागेवर बसतात, भाव करतात, गिऱ्हाइकाला शिव्या घालतात, पण कापायला सून लागते. मोठी सुरमई असली तर त्या कोयत्याकडे जातात, हात पुढे होतो, आणि मग सुनेला हाक मारतात. मला मासळी देतात. सुरुवातीला देत नव्हत्या, "तुला नाय" म्हणायच्या. आता देतात, पण बोलत नाहीत.

काकांनी नवा चॉपर दीड महिन्यात नाही, तीन महिन्यांत दिला. मी त्यात आधी स्वतःचा हात घातला आणि काकांना पातं आणायला सांगितलं. त्यांनी दोनशे वेळा आणलं. मध्ये दोनदा थांबून त्यांनी जोड उघडला, बघितला, परत बंद केला. स्टेजवर मी तो दाखवते, पण हात माझा असतो आणि पातं प्रेक्षकांतलं कोणीतरी आणतं. शिट्ट्या पूर्वीपेक्षा कमी पडतात.

मागच्या आठवड्यात सानपाड्याच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. वर्धापनदिन, दोन तासांचा शो. मी मानधन सांगितलं. ते हसले. "मॅडम, तुमचे बंधू निम्म्यात करतात. सेम आयटम."

"सेम नाहीत."

"अहो, लोकांना काय कळतं? पोरांसाठीच तर आहे. सगळे लांबूनच बघणार."

"हात कोणाचा घालणार?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"तुमच्या सोसायटीतल्या कोणाचा हात घालणार त्यात? त्या माणसाला आधी विचारा, त्याला निम्म्यातला चालेल का. मग मला फोन करा."

त्यांनी फोन केला नाही. शो दादाला गेला. रविवारी दुपारी मी घरी पडदे धुतले, आणि मधूनमधून घड्याळ बघत, सानपाड्यात कोणाला काही होऊ नये असं म्हणत मनातल्या मनात चरफडत बसले.